भात सोडला आणि भडंगाने वजन वाढवलं

परवा एका ताईंचा मेसेज आला. त्यांच्या स्लीव्हला (वजन कमी करायला जठर लहान करतात ते ऑपरेशन) सव्वा वर्ष झालंय, ३१ किलो उतरलेत, आणि आता त्या विचारतायत की भात-भाकरी आयुष्यभर बंद ठेवली तरच वजन टिकतं का हो, कारण घरात सगळे तेच सांगतायत आणि मला आता भाकरीकडे बघितलं तरी भीती वाटते. ते शेवटचं वाक्य वाचून मला रात्री झोप येईना. हीच भीती मी दीड वर्ष घेऊन फिरलेय आणि त्या भीतीपायी नऊ किलो परत चढवलेत. उत्तर टाइप करायला बसले तर ते मेसेजमध्ये मावेना, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते. फेब्रुवारी २०१९ मध्ये माझं बायपास झालं, हृदयाचं नाही, वजन कमी करायचं, रू-एन-वाय म्हणतात ते. तेव्हा वय ३९, उंची पाच फूट दोन इंच, वजन ११८, डायबेटिस आठ वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ९.४, आणि जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय पाऊल पडत नव्हतं. पुढच्या सोळा-सतरा महिन्यांत ७४ वर आले, एचबीए१सी ५.८ झालं, शुगरच्या गोळ्या सुटल्या. मग २०२१ संपेपर्यंत काटा ८३ वर गेला होता. आज सहा वर्षं होऊन गेली आणि मी ७७ ते ७९ च्या मध्ये आहे, तिथेच आहे गेली तीन वर्षं. मी डॉक्टर नाही, मी माझ्या पोटाबद्दल लिहितेय, तुमचं औषधपाणी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

बायपासमध्ये काय करतात ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जठराच्या वरच्या टोकाची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी वेगळी करतात आणि तिला छोटं आतडं थेट जोडतात, बाकीचं जठर आतच राहतं पण अन्न तिकडे जात नाही. स्लीव्हमध्ये वेगळं असतं, त्यात जठराचा तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भाग काढूनच टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. फरक एवढ्यासाठी सांगितला की जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते, जी अन्न थोडं थोडं पुढे सोडते. स्लीव्हमध्ये ती झडप जागेवर राहते, बायपासमध्ये मात्र अन्नाच्या वाटेत ती येतच नाही. गोड खाल्लं की आम्हा बायपासवाल्यांना जास्त त्रास का होतो याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आणि कार्बचा, म्हणजे भात-चपाती-साखरेतल्या कर्बोदकांचा, संबंध ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू होतो बरं का. माझं आधीचे दोन आठवडे चपाती-भात-साखर बंद होतं, प्रोटीन पावडर, ताक, भाज्यांचं सूप, उकडलेली अंडी एवढंच. मला वाटायचं की वजन थोडं उतरावं म्हणून असेल. खरं कारण लिव्हर. लिव्हरमध्ये कार्ब साठवलेले असतात आणि त्यांच्यासोबत पाणी, शिवाय आमच्यासारख्यांच्या लिव्हरमध्ये चरबीही भरपूर असते. कार्ब कमी केले की लिव्हर आकसतं आणि दुर्बिणीतून काम करताना सर्जनला ते उचलून बाजूला धरणं सोपं जातं. ही कार्बसोबत पाणी साठण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझी फसगत तिथेच झाली.

ऑपरेशननंतर दोन आठवडे पातळ पदार्थ, मग दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. वरणाचं पाणी, ताक, मग गुरगुट्या वरण, पनीर कुस्करून, मऊ अंडं. पहिली भाकरी मी आठव्या आठवड्यात खाल्ली, ज्वारीची, दोन घासांएवढा तुकडा आमटीत कुस्करून, आणि प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावून. माझं माहेर सांगलीचं, भाकरीशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही अशा घरात वाढलेली मी, तो घास तोंडात गेल्यावर डोळ्यांत पाणी आलं. भाकरी आमटीत विरघळते म्हणून उतरली. चपाती मात्र नंतर कितीतरी महिने उतरत नव्हती, तिचा गोळा होऊन छातीच्या मधोमध अडकायचा, तोंडाला फेसाळ पाणी सुटायचं, आणि बाहेर काढल्याशिवाय सुटका नाही. ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांना हे कळेल, ब्रेड-पाव-चपातीचं हे बऱ्याच जणांना होतं.

आता गोडाचं. २०२० च्या जानेवारीत, म्हणजे ऑपरेशनला अकरा महिने झाले होते, मामांच्या शेताजवळ गुऱ्हाळ लागलं होतं आणि सगळे जमलो होतो. गरम काकवी. लहानपणापासून त्या वासाची ओढ आहे मला. अर्धी वाटी घेतली असेल, भाकरीच्या तुकड्याबरोबर. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात पीळ, आणि एकदम एवढा थकवा की मी तिथेच चिपाडाच्या ढिगाशेजारी घोंगडीवर आडवी झाले. मामी घाबरून हातपाय चोळत होती. याला डंपिंग म्हणतात. साखर एकदम आतड्यात ओतली जाते, ती पातळ करायला शरीर रक्तातलं पाणी आतड्यात खेचतं, मग बीपी उतरतं, छाती धडधडते. अर्ध्या-पाऊण तासात ओसरलं. पण मला त्या दिवशी एवढंच कळलं की गोड म्हणजे त्रास, आणि तो धडा कळायला सोपा होता.

दुसरा प्रकार कळायला जास्त वेळ लागला. ऑफिसात सकाळी नऊला एक वाटीभर पोहे खायचे आणि अकराच्या सुमारास हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी, समोरचा मेल वाचून अर्थ लागेना, आणि अशी भूक की हाताला लागेल ते खावं. मी समजायची अशक्तपणा आहे, म्हणून बिस्किटं खायची, बरं वाटायचं, आणि दीड तासात परत तेच. एकदा घरी असताना झालं तेव्हा नवऱ्याने जुनं शुगर मोजायचं मशीन काढलं, ५२ आली. जिची शुगर आठ वर्षं वर असायची तिची ५२! डॉक्टरांनी समजावलं की नुसते कार्ब एकदम आतड्यात गेले की शुगर झपकन चढते, आतड्यातली हार्मोन्स जोरात इशारा देतात, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि मग एक ते तीन तासांत शुगर खाली आदळते. उशिराचं डंपिंग. अशा वेळी मला सांगितलेला उपाय म्हणजे तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यात, आणि बरं वाटलं की लगेच दही, शेंगदाणे, अंडं असं काहीतरी, नुसतं बिस्किट अजिबात नाही कारण तेच चक्र परत फिरतं. आणि असं वारंवार होत असेल तर वेळ, आकडा, काय खाल्लं होतं हे लिहून डॉक्टरांकडे जायचं, घरी बसून सोसायचं नाही. बेशुद्ध पडण्यापर्यंत जाऊ शकतं हे, गाडी चालवत असाल तर विचार करा.

तर असे दोन फटके बसल्यावर माझ्या डोक्यात पक्कं झालं की कार्ब म्हणजे शत्रू. त्यात २०२० चा लॉकडाऊन, घरी बसून फोनवर व्हिडिओ बघत मी स्वतःच ठरवून टाकलं आणि जून-जुलैमध्ये कार्ब जवळजवळ बंद केले. पनीर, अंडी, चिकन, काकडी. काटा ७४ दाखवायला लागला, आयुष्यात लग्नानंतर पहिल्यांदा. मग ऑगस्टमध्ये गणपती आले. दोन दिवस नैवेद्याचं वरण-भात-लिंबू, छोटी वाटी दोन्ही वेळा, आणि अर्धा उकडीचा मोदक. तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिले, ७५.४.

मी बाथरूमचं दार लावून रडले. दीड वर्षाची मेहनत चार छोट्या वाट्या भाताने घालवली असं वाटलं. त्या दिवसापासून भात, भाकरी, चपाती सगळं बंद.

तेव्हा कुणीतरी मला शेजारी बसवून हिशोब करून दाखवायला हवा होता. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.४ किलो चरबी वाढायची तर दोन दिवसांत दहा हजारांच्या वर जादा कॅलरी पोटात जायला हव्यात, आणि माझ्या पाऊचमध्ये तर एका वेळी एक वाटी जेमतेम मावते. शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे १३० कॅलरी. चार वाट्यांचे धरले तरी कुठे पाचशे आणि कुठे दहा हजार! वाढलं होतं ते पाणी. शरीर कार्ब लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि साठवलेल्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब बंद केले की तो साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो, आपल्याला वाटतं काय चरबी जळतेय. परत भात खाल्ला की साठा भरतो, पाणी परत येतं. म्हणजे ७४ हा आकडाच मुळात थोडा रिकाम्या टाकीचा होता. ऑपरेशनच्या आधी लिव्हरचं जे कारण मला सांगितलं होतं तीच ही गोष्ट, पण ती मला स्वतःला लावून बघता आली नाही.

आता भडंगाकडे येते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगली-जयसिंगपूरकडचे ते मसाल्याचे चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, तिखट, तेलावर परतलेले. आईच्या हातचं भडंग म्हणजे काय सांगू. ऑक्टोबरपासून भाऊ दर महिन्याला येताना आईने दिलेली मोठी पिशवी आणायला लागला. लेक जेवत नाही, भात नाही भाकरी नाही, निदान हे तरी तोंडात टाकेल, या मायेने ती करायची. आणि मी खायची. लॅपटॉपशेजारी स्टीलचा डबा, मिटिंग चालू आहे, एक चिमूट, थोड्या वेळाने अजून एक. मला ते खाणं वाटायचंच नाही. जेवणात तर कार्ब शून्य होते ना.

पण चुरमुरे कशाचे असतात? तांदळाचे. जो तांदूळ मी वाटीतून हाकलला होता तोच चुरमुरे होऊन, तेल पिऊन, डब्यातून परत आला होता.

आणि हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते ऑपरेशनवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपलं ऑपरेशन काम करतं ते पोट भरल्याच्या जाणिवेवर. चिकन, उसळ, भाकरी-भाजी असं घट्ट अन्न छोट्या पिशवीत जाऊन बसतं, पिशवीच्या भिंती ताणल्या जातात आणि चार-सहा घासांत पुरे असं कळतं. चुरमुरे, शेव, खारी, टोस्ट, मारी, चिवडा, वेफर्स हे तोंडातल्या लाळेने आणि वर चहाच्या घोटाने विरघळतात आणि सरकन खाली निघून जातात, पिशवीत थांबतच नाहीत. कितीही खा, पोट भरल्याचं कळत नाही. एक अंडं खाऊन मी गच्च व्हायची आणि भडंग मात्र दोन तास खाऊ शकायची, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. डंपिंगही होत नव्हतं कारण एका वेळी चिमूटभरच जायचं आणि ते तिखट होतं, गोड नव्हतं. म्हणजे शरीराकडून इशारा नाही, पोटाकडून इशारा नाही. फक्त महिन्याला पाऊण किलो, अर्धा किलो, असं काट्यावर.

जेव्हा मी काटा बघायचा सोडून दिला होता त्या काळात सगळ्यात जास्त वाढलं, हेही सांगून टाकते.

डिसेंबर २०२१ मध्ये ८३ भरले आणि एचबीए१सी ६.३ आलं तेव्हा मी परत डायटिशियनकडे गेले. पहिल्या वर्षानंतर मी फॉलोअपला जायची बंद झाले होते, लाज वाटायची, एवढा खर्च करून वाढवून आली असं म्हणतील. मॅडम तसं काहीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते सांगा, जेवण नको, तोंडात गेलेलं सगळं." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. जेवणं तीन होती आणि मधलं खाणं अकरा वेळा. मग म्हणाल्या, उद्यापासून डबा वजनकाट्यावर ठेवून भरा आणि संध्याकाळी किती उरलं ते मोजा. मी मोजलं. दिवसाला ६० ते ७० ग्रॅम भडंग जात होतं. बाजारच्या पाकिटावर वाचलं तर १०० ग्रॅमला साडेचारशेच्या वर कॅलरी. म्हणजे रोजच्या तीनशे कॅलरी, वर चहाबरोबरची खारी वेगळी, आणि दिवसभराचं प्रोटीन जेमतेम ४० ग्रॅम.

आणि मग त्या म्हणाल्या, "दुपारी अर्धी भाकरी खायला लागा."

मला वाटलं चुकून बोलल्या. वजन वाढलंय म्हणून आलेय आणि ही बाई भाकरी खा म्हणते. पण त्यांचं म्हणणं असं होतं की तुम्ही जेवणातून जे काढलंय ते दिवसभर मागच्या दाराने आत येतंय. जेवणात कार्ब नसल्यामुळे चार वाजता तुम्हाला जी ओढ लागते ती जिभेचे चोचले नाहीत, शरीर मागतंय, आणि तेव्हा हाताशी असतो डबा. त्यापेक्षा ताटात द्या, मोजून द्या, प्रोटीननंतर द्या.

मी ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ मोजून भाकरी थापली. लहान होते, तळहाताएवढी, पण माझ्या पोटाला ती पूर्ण भाकरीच. त्यात २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब, चार ग्रॅम प्रोटीन. १०० ग्रॅम शिजलेल्या भातातही कार्ब तेवढेच, २८. पण भाकरीला चावावं लागतं, तिच्यात चोथा आहे, ती भाजीबरोबर पिशवीत बसते. भात मऊ, पटकन उतरतो, म्हणून भात मी रोज खात नाही, पण खाते. रविवारी आणि सणाला, चार चमचे, आधी घट्ट वरण आणि उसळ पोटात गेल्यावर.

क्रम हेच सगळं आहे. आधी प्रोटीन, मग भाजी, मग भाकरी. आमच्याकडे उलटी सवय, भाकरीचा मोठा तुकडा आणि त्याला भाजी नुसती लावायची. मी आता ताटात आधी चिकनचे तुकडे किंवा पनीर किंवा मटकीची घट्ट उसळ संपवते, चमच्याने, मग भाजी, आणि शेवटी भाकरी जेवढी जाईल तेवढी. कधी पूर्ण जाते, कधी दोन घास उरतात, उरले तर लेक खाते. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही, कारण पाण्याने अन्न ढकललं जातं आणि पोट लवकर रिकामं होतं. हे पाण्याचं मला सहा वर्षांनंतरही जड जातं, विशेषतः उन्हाळ्यात.

सकाळचे पोहे मी सोडले नाहीत, बदलले. पोहे अर्धी मूठ, त्यात भरपूर मटार, वर शेंगदाणे, आणि आधी एक उकडलेलं अंडं. असे खाल्ले तर अकरा वाजता हात थरथरत नाहीत, अंडं विसरून नुसते पोहे खाल्ले तर आजही थरथरतात. हुलग्याची शेंगोळी आठवड्यातून एकदा होतेच, हुलग्यात प्रोटीन चांगलं आणि थंडीत आमच्याकडे ती लागतेच. सोयाबीनच्या वड्या आधी मला आवडत नव्हत्या, पण १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, शाकाहारी दिवशी दुसरं एवढं काही हाताशी नाही, मग कांदा-लसूण मसाल्यात परतून खायला शिकले. दिवसाचे कार्ब माझे ११०-१२० ग्रॅम होतात, प्रोटीन ७०. हा माझा आकडा आहे, ऑफिस, घर आणि रोजच्या पाऊण तासाच्या चालण्याचा, आठवड्यातून दोनदा डंबेल्स. तुमचा वेगळा असेल.

उपवासाचं खूप जणी विचारतात. मी संकष्टी करते, लग्नाच्या आधीपासून, आणि ती सोडायची नव्हती मला. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही, आणि एक वाटी खिचडी खाऊन मी दोन तासांनी ५८ शुगर बघितलेली आहे. दिवसभर उपाशी राहून रात्री चंद्रोदयाला एकदम जेवायचं हेही जमत नाही, चंद्र कधी नऊला कधी दहाला. आता संकष्टीला सकाळी दही आणि भाजलेले शेंगदाणे, दुपारी दाण्याची घट्ट आमटी आणि त्यात चार चमचे वरी, संध्याकाळी पनीर किंवा एक ग्लास दूध, आणि गोळ्या वेळच्या वेळी. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काही बोलतील, त्या म्हणाल्या, "बाप्पाला तू आजारी पडलेली चालणार आहे का?" आणि स्वतः दाण्याचा कूट करून ठेवायला लागल्या.

वजन परत वाढण्याबद्दल अजून एक सांगायचंय, कारण त्याची लाज मी फार वाहिलीय. स्वीडनमध्ये १९८७ पासून वजनाची ऑपरेशनं झालेल्या हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला. त्यात दोन वर्षांनी लोकांचं वजन सरासरी २३ टक्के उतरलेलं होतं, दहा वर्षांनी ते १७ टक्क्यांवर आलं, आणि मग वीस वर्षांपर्यंत साधारण तिथेच राहिलं. तेव्हाची ऑपरेशनं बहुतेक वेगळ्या प्रकारची होती, पण आकार बघा, सगळ्यात खालचा आकडा पहिल्या एक-दोन वर्षांत येतो आणि मग थोडं वर येतंच. हलकं झालेलं शरीर कमी कॅलरी जाळतं, भूक हळूहळू परत येते, पिशवीत थोडं जास्त मावायला लागतं. मॅडमनी मला सांगितलं की ७४ विसरा, ७८ हे तुमचं घर समजा, ८० च्या वर गेलं तर मला फोन करा. तो फोनचा आकडा ठरवून घेतल्याने मला जेवढा आधार मिळाला तेवढा कुठल्याच डाएट चार्टने नाही मिळाला. आता काट्यावर आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, आणि सणानंतर तीन दिवस अजिबात नाही, कारण ते पाणी असतं हे आता मला माहीत आहे.

लोकांचं बोलणं लागतं अजूनही. नात्यातल्या एका लग्नात मी ताटात भात घेतला तर शेजारच्या बाई म्हणाल्या, "अगं, तू ऑपरेशन केलंयस ना, मग भात कसा खातेस?" आणि वर्षभरापूर्वी त्याच म्हणत होत्या की किती वाळलीस, चेहरा उतरला, काही खात नाहीस का. मला वाईट याचं वाटतं की अशा बोलण्याने बायका लोकांसमोर खाणं बंद करतात आणि मग एकट्याने, उभ्याने, ओट्याजवळ खातात. ताटात बसून खाल्लेलं मोजता येतं. ओट्याजवळचं मोजता येत नाही.

आईला भडंगाचं सांगणं सगळ्यात अवघड गेलं. फोनवर मी कसंबसं सांगितलं की आई, तू पाठवू नकोस, त्यानेच वाढलंय. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मीच वाढवलं होय गं?" मी म्हटलं, तू नाही गं, मी डबा शेजारी ठेवून खात बसले. तरी तिला ते लागलं. पुढच्या वेळी भाऊ आला तेव्हा पिशवीत शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं पीठ आणि ज्वारी होती, आणि चटणीच्या डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी, भाकरीबरोबर खा. घरात भडंग अजूनही येतं, लेकीला आवडतं, तिचं का बंद करायचं. मी खाते तेव्हा वाटीत काढून, २० ग्रॅम, भरपूर काकडी-कांदा-टोमॅटो आणि मोड आलेले मूग घालून, टेबलाशी बसून. लॅपटॉपजवळ डबा नाही.

तर मेसेज करणाऱ्या ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असं आहे, भाकरी आयुष्यभर बंद ठेवायची गरज मला तरी पडली नाही. तुम्ही काय करा तर आधी तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, चहातली साखरसुद्धा, आणि त्यात विरघळणारं किती आणि चावावं लागणारं किती ते बघा. तो कागद घेऊन डायटिशियनकडे जा, मग भाकरी किती ते त्याच सांगतील. कीटो (कार्ब जवळजवळ बंद ठेवायचं डाएट) करू का असंही विचारलंय तुम्ही, ते स्वतःच्या मनाने अजिबात करू नका, आपल्या पोटात मुळातच थोडं जातं, त्यातून अजून एक गट काढून टाकला तर काय काय कमी पडेल कळणार नाही. मी ते दोन महिने केलं तेव्हा संडासला चार-चार दिवस होत नव्हतं आणि जिना चढताना पाय लटपटायचे. आणि गोळ्या चालू आहेत ना? बी१२, आयर्न, कॅल्शियम सायट्रेट, डी३, मल्टिव्हिटामिन. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मधे दोन तास ठेवा, मला हे वर्षभर माहीत नव्हतं आणि हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं.

माझ्या तपासण्या पुढच्या महिन्यात आहेत, बी१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही करायचंय. दुपारच्या भाकरीचं पीठ आता लेकच मोजून ठेवते, आज तिने ४२ ग्रॅम घेतलं आणि म्हणाली, मम्मा, दोन ग्रॅम चालतील ना?

चालतील म्हटलं.